वृद्धाश्रमात विणकामाचा तास घ्यायचाय? आधी हे वाचा

वस्तू कुणाला द्यायची ते आधी ठरवा, लोकर नंतर घ्या. बरेचदा आपण उलटं करतो, उत्साहात पिशवीभर सामान घेऊन जातो, आजी-आजोबांकडून काहीतरी करून घेतो आणि ते कपाटात पडून राहतं, आणि त्यांना ते कळतं बरं का. म्हणून हॉस्पिटल असो, अनाथाश्रम असो, फोन करून विचारायचं की काय लागतं आणि कुठल्या मापाचं. नवजात बाळांच्या टोप्या असतील तर लोकर मऊ हवी, बटण-मणी-रिबन काही नको.

नवीन ग्रुपला मला चौकोन सगळ्यात सोपे वाटतात. 15 बाय 15 सेंमीचा पुठ्ठा प्रत्येकाला द्यायचा, विणलेलं त्यावर ठेवून बघायचं, बास. 6 बाय 8 असे 48 चौकोन जोडले की 90 बाय 120 सेंमीचं ब्लँकेट होतं, म्हणजे कुणी आठवड्यात एकच केला तरी चालतं आणि वाकडा झालेला जोडताना सांभाळून घेता येतो. जाड लोकर, 6 ते 8 एमएमच्या सुया, सगळ्या ओळी सुलट. सुयांवर पहिल्या ओळीचे टाके घरूनच घालून न्या, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो.

संधिवात असेल तर धातूच्या सुयांपेक्षा बांबूच्या बऱ्या, हलक्या असतात आणि गार लागत नाहीत. कात्री स्प्रिंगवाली घ्या, आपोआप उघडते. काळ्या-निळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत, त्यामुळे लोकर फिकी आणि मांडीवर गडद कापड.

वेळ सकाळची, नाश्ता झाल्यावर, पाऊण तास पुरे. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या बऱ्याच जणांची बेचैनी संध्याकाळी वाढते, तेव्हा तो वेळ टाळाच. त्यांना एका वेळी एकच पायरी, तीही करून दाखवायची, आणि "मागच्या वेळचं आठवतंय ना?" असं चुकूनही विचारायचं नाही. मणी-बटणं त्यांच्यासमोर नको, तोंडात जाऊ शकतात. टीव्ही बंद करायला सांगा, कानाचं मशीन लावणाऱ्यांना त्या आवाजात तुमचं बोलणं कळत नाही. सुया-कात्र्या मोजून द्या, मोजून परत घ्या.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, त्यांचं विणलेलं घरी नेऊन गुपचूप उसवून नीट करून आणणं. ज्या बाईनं चाळीस वर्षं स्वेटर विणलेत तिला स्वतःचा टाका ओळखू येतो हो. चुकलंय असं वाटलं तर तिलाच विचारा. कुणाला विणायचंच नसेल तर लोकरीचे गुंडे करायला द्या, नाहीतर रंग निवडायला बसवा, आणि काहीजण नुसते गप्पांना येतात, येऊ द्या.

ब्लँकेट दिलं की ते कुठे पोचलं हे पुढच्या वेळी गेल्या गेल्या सांगा, सुया वाटायच्या आधी.