मैदानी स्पर्धेत पहिल्यांदाच उतरताय? या चुका टाळा

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत चांगली तयारीची मुलंही बाद होतात, कारण नियम कुणी नीट सांगितलेलेच नसतात. सगळ्यात जास्त फटका लांब उडीत बसतो.

पाय जिथून उचलला तिथून उडी मोजतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. मोजतात ती उडी घेण्यासाठी धावपट्टीत बसवलेल्या फळीच्या वाळूकडच्या कडेपासून. म्हणजे पाऊल वीतभर अलीकडे पडलं तर वीतभर उडी फुकट, आणि कडेच्या पुढे गेलं तर लाल झेंडा, म्हणजे उडी बाद. यावर उपाय आहे. फळीवर वाळूकडे पाठ करून उभे राहा आणि उलट दिशेला बारा-चौदा पावलं जोरात पळा. शेवटचं पाऊल पडेल तिथे धावपट्टीच्या कडेला खूण ठेवा. पट्टीवर फक्कीने रेघ मारलेली चालत नाही. मित्राला फळीशी उभं करून पाऊल कुठे पडतंय ते बघायला सांगा आणि त्याप्रमाणे खूण पुढेमागे सरकवा. सुरुवात दर वेळी त्याच पायाने. फळी जवळ आली की खाली बघून पावलं आखडायची सवय तर आधी सोडा, सगळा वेग तिथेच जातो.

उतरताना हात मागे टेकू नका. वाळूतली फळीला सर्वांत जवळची खूणच धरली जाते. आणि वाळूतून मागे चालत आलात तर उत्तम उडीही फाउल.

गोळा चेंडूसारखा फेकायचा नसतो, मानेजवळून ढकलायचा असतो. तो खांद्याच्या मागे गेला की फाउल, शिवाय कोपर दुखावतं ते वेगळंच. गोळा जमिनीवर पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातूनच बाहेर या. आनंदाच्या भरात पुढून उडी मारणारे हमखास भेटतात!

धावण्यात शेवटची रेषा दिसली की वेग कमी करू नका. हात किंवा डोकं नाही, धड रेषेवर कधी पोचलं ते बघतात. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. साध्या 400 मीटरमध्ये मात्र पहिले दोनशेच जीव तोडून पळालात, तर शेवटच्या शंभरात पाय उचलणार नाहीत.

रिलेत बॅटन (एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायची कांडी) पडलं तर घाबरून थांबू नका. ज्याच्या हातून पडलं त्यानेच उचलायचं आणि पळत सुटायचं.