गणिताचे खेळ घेताना या चुका टाळा

सापशिडीचा पट मांडला की वर्ग रंगतो. मुलं सरसावून बसतात, फासा खुळखुळतो, तास कधी संपला ते कळतही नाही. पण एकदा त्या गोंगाटात पटाशेजारी मांडी घालून बसा आणि एकाच मुलाचं बोट बघत राहा. दुसरीच्या वर्गात मी अशी बसले होते. एका मुलीची सोंगटी 24 वर होती आणि फाशावर 3 पडले. तिने 24 वरच बोट टेकवून "एक" म्हटलं, 25 वर "दोन", 26 वर "तीन", आणि सोंगटी 26 वर ठेवून दिली. शेजारच्या तिघांना काहीच खटकलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे 28 वरच्या शिडीकडे लागलेले. नंतर तिची वही काढून पाहिली, तर तिथेही बेरजा एकाने कमी येत होत्या. खेळ त्या चुकीचा सराव करून घेत होता!

तेव्हापासून आमच्या वर्गात "एक, दोन, तीन" म्हणत सोंगटी चालवत नाहीत. ज्या घरात पाय पडेल त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा: पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. आणि सोंगटी उचलण्याआधी सांगायचं, "मी सत्तावीसवर जाणार." मग चालून खात्री करायची. एवढ्या एका नियमाने सापशिडीत गणित येतं. नाहीतर ती नुसती नशिबाची गंमत.

बाजारचा पट जसाच्या तसा वापरणं

दुकानात मिळणारा 100 घरांचा पट नागमोडी असतो. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उलट. त्यामुळे 8 च्या डोक्यावर 13 येतो आणि 3 च्या डोक्यावर 18. दहा मिळवले की एकक तोच राहतो, ही पहिली-दुसरीत सर्वांत मोलाची गोष्ट त्या पटावर दिसतच नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्वतः पट आखा, प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. मग 8 च्या वर 18, 28, 38 असे आकडे येतात. शिड्या सरळ उभ्या काढा: एक ओळ वर म्हणजे 10, तीन ओळी म्हणजे 30. आठवडाभरात मुलं शिडीची घरं मोजायची थांबतात आणि थेट आकडा सांगतात.

पटावर आणखी एक अडचण दिसते, ती खास आपल्या भाषेतली. "एकोणतीस" ऐकलं की कितीतरी मुलं 39 कडे धावतात, कारण कानावर "तीस" पडलेलं असतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! मला विचाराल तर पटावर दोन्ही म्हणून घ्यावं: वीस नऊ, एकोणतीस. पारंपरिक नाव टिकतं आणि अंकही बरोबर लिहिला जातो.

चुकणाऱ्याला बाद करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. ज्या मुलाला सरावाची खरी गरज आहे तेच पहिल्या फेरीत बाद होऊन भिंतीला टेकून बसतं, आणि ज्याला सगळं येतं ते शेवटपर्यंत खेळतं. गट करण्याचा खेळ घ्या. वर्गात 23 मुलं आहेत, बाईंनी "चार!" म्हटलं. पाच गट झाले, तीन मुलं उरली. त्या तिघांना बाहेर काढू नका. ते तिघे म्हणजे बाकी! त्यांनीच फळ्यावर 23 = 5 × 4 + 3 लिहायचं आणि पुढचा आकडा पुकारायचा. आमच्याकडे आता मुलं मुद्दाम उरायला बघतात.

एका पटाभोवती आठ जण बसवणं हीसुद्धा तशीच चूक. एका डावाला अर्धा मिनिट धरा: 20 मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच डाव. दोघादोघांत तेच 20 होतात. भांडणं बहुतेक वेळा वाट पाहण्यातूनच सुरू होतात. फासे पुरत नसतील तर चिंचोके फोडून घ्या. दहा अर्धे चिंचोके टाका, पांढरे किती आणि तपकिरी किती ते पाटीवर लिहा. दहाच्या जोड्या तोंडपाठ होतात, खर्च काहीच नाही.

मुलाला काही ठरवूच न देणं

तिसरीपासून नुसता फासा पुरत नाही, डोकं चालवायला जागा हवी. आमचा आवडता खेळ "शंभराजवळ". फासा पाच वेळा टाकायचा, प्रत्येक अंक पडताच तो दशक की एकक ते तिथेच ठरवायचं, आणि बेरीज 100 च्या पुढे जाऊ द्यायची नाही. एका मुलाला 3, 5, 4, 2, 6 पडले. त्याने 30, 5, 40, 20 असे घेतले, 95 झाले, आणि शेवटचा 6 एककात ठेवूनही 101 झाले. तो हिरमुसला.

इथे पुढचा डाव सुरू करण्याची घाई करू नका. मी विचारलं, "हेच अंक घेऊन शंभराच्या किती जवळ जाता येईल?" सगळ्यांनी पाट्या घेतल्या. कुणाला 83 मिळाले, कुणाला 65. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, 92! तीन आणि पाच दशकात, बाकीचे एककात." थोड्या वेळाने दुसरी म्हणाली, "बाई, 93 कधीच येत नाही." का येत नाही, हे शोधण्यात मधली सुट्टीही गेली. एक अंक एककातून दशकात नेला की बेरीज त्या अंकाच्या नऊपट वाढते, हे त्यांनी पाटीवर मांडून मला दाखवलं.