बोअरच्या जागेसाठी मॉडेल: अथणी-चिक्कोडी भागात ते कसं चालवायचं

इथे मॉडेल म्हणजे जुन्या बोअरच्या नोंदी आणि नकाशे यांवरून पाणी लागण्याची शक्यता सांगणारी संगणकाची आकडेमोड. बेळगाव जिल्ह्यात अथणी, रायबाग, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात खाली दख्खनचा काळा पाषाण आहे; गोकाक-रामदुर्गकडे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट. दोन्ही भागांची माहिती एकाच मॉडेलला देऊ नका. पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमात, थरांमधल्या मांजऱ्या (भोकाभोकांच्या) दगडात आणि भेगांत. वालुकाश्माचं गणित वेगळं.

आधी शिवारं पालथी घालून जुन्या बोअरची वही करा. शंभर-दीडशे तरी नोंदी हव्यात आणि त्यात कोरडे गेलेले बोअर हवेतच. लोक फसलेला बोअर सांगत नाहीत, मग मॉडेलला सगळीकडे पाणीच दिसतं. प्रत्येक बोअरचं मोबाईलवरून घेतलेलं स्थान, एकूण खोली, केसिंग (वरच्या भागात घातलेला पाइप) किती फूट, पाणी किती फुटांवर लागलं, साल आणि मे महिन्यात मिळणारं पाणी लिहा. बोअरच्या गाडीवाल्याने सांगितलेले ‘इंच’ तसेच भरू नका. पाणी मोजायच्या पत्र्यातल्या ९० अंशांच्या व्ही-आकाराच्या खाचेवर मोजलं तर १ इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, पण २ इंच म्हणजे २,९०० च्या आसपास. लिटरमध्ये बदलूनच भरा.

आता मॉडेलला द्यायचे नकाशे गोळा करा. उंचीसाठी एसआरटीएमचा (अंतराळातून रडारने मोजलेला) नकाशा, ३० मीटरच्या चौकोनांचा. त्यावरून क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतार आणि ओढ्यापासूनचं अंतर काढता येतं. खडकाचा नकाशा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर मिळतो. हिरवाईसाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची एप्रिल-मेची चित्रं घ्या, तीही एकाच सालची नकोत.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मे महिन्यात हिरवं दिसणारं शिवार कृष्णेवरून उचललेल्या पाण्यावरचा ऊस असू शकतो, घटप्रभेच्या कालव्याखालचंही असू शकतं. मॉडेल त्याला भूजल समजतं. म्हणून कालव्याखालची आणि उपसा सिंचनाची शेतं आधी कापून टाका. पडीक माळ, ओढ्याकाठची झाडी एवढंच ठेवा. भेगांच्या रेषा आखताना उंचीच्या नकाशावर संगणकात उजेड चार दिशांनी पाडून बघा. एकाच दिशेत दिसणाऱ्या रेषेवर भरवसा ठेवू नका; रेषा म्हणजे रस्ता, बांध किंवा पाइपलाइनचा चर नाही ना, तेही बघा.

मॉडेल रँडम फॉरेस्टचं पुरे; त्यात हो-नाही प्रश्नांची अनेक ‘झाडं’ मिळून उत्तर ठरवतात. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत ते तयार मिळतं, ३०० झाडं ठेवा. एवढ्याशा नोंदींवर न्यूरल नेटवर्क (खूप नोंदी लागणारं गुंतागुंतीचं मॉडेल) चालवणं ही हौस झाली. तपासणीसाठी सुट्या नोंदी बाजूला काढू नका, अख्खी गावं काढा. शेजारशेजारचे बोअर सारखेच असतात. एक शिकवायला आणि दुसरा तपासायला घेतला की अचूकता खोटी फुगते.

निकालातून मिळते ती शक्यता, आणि तीही शिवाराच्या मापाची. तीस मीटरच्या चौकोनात बोअर कुठे मारायचा हे त्यातून कळत नाही. सगळ्यात जास्त शक्यतेच्या दोन-तीन जागांवर रेझिस्टिव्हिटी चाचणी (जमिनीत वीज सोडून तिचा विरोध मोजणं) घ्या. मध्यापासून दोन्ही बाजूंना दीडशे मीटर तार न्यायला मोकळी सरळ पट्टी लागते. एवढ्याने सुमारे ७५ मीटर खोलीपर्यंतचा अंदाज धरावा. विजेची लाइन, तारेचं कुंपण, लोखंडी पाइप जवळ असेल तर आकडे बिघडतात. पाणाड्याचा नारळ फिरला तरी चाचणी टाळू नका.

बोअर मारल्यावर दर दहा फुटांचा चुरा वेगळा ठेवून लिहा: मुरूम, तांबडा थर, मांजऱ्या की अखंड पाषाण. पाणी लागो वा न लागो, ती नोंद त्याच दिवशी वहीत चढवा आणि पुढच्या बोअरआधी मॉडेल पुन्हा चालवा.