फळझाडाची साल सोलली गेली तर काय करायचं, आणि मुळात सोलू नये म्हणून काय करायचं

बुंध्याची साल निघाली की सगळे पहिल्यांदा विचारतात, जखमेवर काय लावू? माझं म्हणणं, लावायचं नंतर बघू, आधी एक दोरा घ्या. दोरा बुंध्याभोवती गुंडाळून घेर मोजा आणि मग साल गेलेली जागा आडवी मोजा. घेराच्या किती भागावरची साल गेलीय यावरच झाड जगणार की नाही ते ठरतं. उभी जखम हातभर लांब असली तरी झाड ती पचवतं, पण आडवी जखम बुंध्याला गोल फिरून आली तर नुसती दोन बोटं रुंद असली तरी झाड जातं.

कारण असं की मुळांनी घेतलेलं पाणी वर जातं ते आतल्या लाकडातून, पण पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे येतं ते सालीच्या आतल्या मऊ थरातून. साल आणि लाकूड यांच्या मधे कँबियम नावाचा एकदम पातळ, ओलसर, बुळबुळीत थर असतो, नवीन साल आणि नवीन लाकूड तोच बनवतो. साल गोल निघाली की मुळांचं जेवण बंद, पण पाणी वर चालूच, म्हणून झाड कित्येक आठवडे, कधी कधी अख्खा सीझन हिरवंगार दिसतं आणि आपण फसतो.

मी पण असाच फसलोय. ग्रासकटरची नायलॉन दोरी एका तरण्या संत्र्याच्या बुंध्याला लागली होती, मला वाटलं थोडं खरचटलंय, येईल भरून. पुढच्या बहाराला झाड फुलांनी नुसतं लदलं, मी खूश. नंतर कळलं की अन्न खाली जायला वाटच नव्हती, ते वरच साठलं म्हणून एवढी फुलं आली. जखमेच्या वरची कड फुगून जाड झाली होती आणि खालचा बुंधा तसाच बारीक. मग पानं पिवळी पडायला लागली तेव्हा माती उकरून बघितली तर बारीक मुळं तपकिरी, चिमटीत धरली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची. तेव्हा काही करायची वेळ गेलेली होती. म्हणून सांगतो, झाड हिरवं आहे यावर जाऊ नका, दोरा लावून मोजा.

मोजल्यावर अंदाज साधारण असा. घेराच्या पाव भागापेक्षा कमी साल गेली असेल तर झाड स्वतःच भरून काढतं, तुम्ही फक्त जखम साफ करा. अर्ध्यापर्यंत गेली असेल तरी जगायची बरीच शक्यता असते पण वाढ मंदावते, त्या वर्षीची फळं लहान असतानाच काढून टाका, पाण्याची आबाळ होऊ देऊ नका. अर्ध्याच्या पुढे गेली किंवा पूर्ण वेढा पडला तर ब्रिज कलम, म्हणजे जखमेच्या वरची आणि खालची साल काड्यांनी पुलासारखी जोडणं, करावं लागतं, ते शेवटी सांगतो.

साल आत्ताच, म्हणजे काही तासांपूर्वी सोलली असेल आणि तुकडा जागेवरच लोंबत असेल तर तो तोडून फेकू नका!! आतली बाजू अजून ओली असेल तर तोच तुकडा परत बसवता येतो. हात न लावता माती-कचरा असेल तेवढा साध्या पाण्याने हलकेच धुवा, तुकडा होता तसाच दाबून बसवा, वरची बाजू वरच राहिली पाहिजे, दोन-चार बारीक खिळे मारा किंवा पट्टीने घट्ट बांधा, वरून प्लास्टिक गुंडाळा म्हणजे ओल टिकेल, आणि त्यावर ऊन लागणार नाही असं काहीतरी झाका. दोनेक आठवड्यांनी प्लास्टिक काढा, विसरलात तर आत कुजतं. धरलं तर धरलं, नाही धरलं तर तुकडा वाळून येतो, नुकसान काही नाही.

जुनी, वाळलेली जखम असेल तर आधी नखाने खरवडून बघा. सालीखाली हिरवं-ओलं लागलं तर तो भाग जिवंत, तपकिरी आणि कोरडं लागलं तर मेलेला. धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्या आणि फक्त सुटलेली, मेलेली साल काढा, कड गुळगुळीत करा, जिवंत सालीला चाकू लावू नका. पूर्वी जखमेला टोकदार लंबगोल आकार द्या असं सांगायचे, पण त्या नादात चांगली साल कापली जाते, मी तरी नाही करत.

आता लावायचं काय. डांबर, ऑइल पेंट यातलं काही नको. झाड आपल्यासारखी जखम भरत नाही, ते आतून खराब भाग बंदिस्त करून बाजूने नवीन साल आणतं. अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं, आणि असल्या लेपांनी कुजणं थांबत नाही हे पण दाखवलं. उलट लेपाखाली ओल अडकते. साधी कोरडी जखम उघडी ठेवा.

याला एक अपवाद आहे, डिंक्या. लिंबू-संत्रा वर्गाच्या झाडांना जमिनीलगत साल काळपट, ओली होऊन डिंक गळायला लागतो, हे फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूमुळे होतं. यात खराब साल खरवडून काढायची, ती जमिनीवर न टाकता जाळायची, आणि बोर्डो पेस्ट लावायची: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं अजिबात नको. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी वापरून संपवा. आणि पाणी बुंध्याला लागत राहिलं तर कितीही पेस्ट लावा, डिंक्या परत येतो, म्हणून बुंध्याभोवती मातीची भर देऊन पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडा.

बुंध्यावर किंवा फांदीच्या बेचक्यात जाळी आणि लाकडाच्या भुशाची दोरीसारखी रेघ दिसली तर ती साल खाणारी अळी. दिवसा भोकात लपते, रात्री साल खाते. जाळी झाडून काढा, भोकात तार घालून अळी मारा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने बंद करा. काही दिवसांनी ताजा भुसा दिसला तर परत तेच.

सोलू नये म्हणून काय करायचं, तर बुंध्याभोवती दीड-दोन फूट गवतच ठेवू नका, म्हणजे मशीन तिथपर्यंत जायचं कारणच उरत नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला पण बुंध्यापासून वीतभर लांब, चिकटवून घातलं की उंदीर त्यात घर करून निवांत साल कुरतडतात. उंदीर-सशांसाठी बारीक छिद्राची, साधारण 6 मिलिमीटरची तारजाळी दीड-दोन फूट उंच लावा, खाली चार बोटं मातीत गाडा, आणि बुंधा जाड होईल तशी सैल करा. रोपाला आलेल्या लेबलची तार, आधाराच्या काठीची सुतळी हे आधी सोडा, ही बारीक तार मी सालीत पूर्ण रुतून दिसेनाशी झालेली बघितलीय, बोट फिरवल्यावर फक्त एक खाच लागते. उन्हाने पण साल तडकते, खास करून जोरात छाटणी केल्यावर उघड्या पडलेल्या फांद्यांची, तिथे पाण्यात मिसळणारा पांढरा पेंट निम्मं पाणी घालून लावा.

आता ब्रिज कलम. साल सहज सुटते अशा वाढीच्या दिवसात करायचं. त्याच झाडाच्या किंवा त्याच जातीच्या वर्षभराच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घ्या, जखमेपेक्षा बोटभर लांब, फुटायच्या आधी कापून ओल्या कापडात गारव्याला ठेवलेल्या असतील तर उत्तम. दोन्ही टोकं पाचरीसारखी तासा, जखमेच्या वर आणि खाली जिवंत सालीत चीर देऊन आत सारा, काडीचं बूड खालीच पाहिजे, उलटी लावली तर काम करत नाही. काडी मधे जराशी बाहेर वाकलेली ठेवा म्हणजे वाऱ्याने झाड हललं तरी ताणून सुटणार नाही. बारीक खिळा मारा, जोडावर कलमाचं मेण लावा. घेरावर दर दोन-तीन इंचाला एक काडी, एकच लावून भागत नाही. मग त्या काड्यांवर डोळे फुटतील, ते खुडत राहा, आणि झाडाला काठीचा आधार द्या पण मऊ कापडाने, सैल बांधून.