जुन्या पीसीएक्स, टीजीए, आयएलबीएम चित्रफाइली पीएनजीमध्ये कशा आणाव्यात

जुन्या फ्लॉपी किंवा सीडीवरून उतरवलेल्या चित्रांच्या फाइली आजच्या संगणकावर बहुतेकदा उघडतच नाहीत. त्या बदलण्याचं मुख्य काम दोन मिनिटांचं आहे. वेळ जातो तो आधीच्या आणि नंतरच्या तपासणीत, आणि तीच टाळली की चित्रं बिघडतात.

सुरुवातीला सगळ्या मूळ फाइलींची वेगळी प्रत करा आणि काम त्या प्रतीवरच करा. रूपांतर झालं तरी मूळ फाइली पुसू नका. त्यांना जागा लागते ती नगण्य.

मग फाइल नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. नावापुढच्या तीन अक्षरांवर विसंबू नका. 'पीआयसी' हेच शेपूट वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी वेगवेगळ्या प्रकारांना लावलेलं आहे. फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पहिले काही बाइट वाचा. बीएमपीच्या सुरुवातीला 'बीएम' ही अक्षरं असतात, टिफच्या सुरुवातीला 'आयआय' किंवा 'एमएम'. अमिगा या जुन्या संगणकावरच्या आयएलबीएममध्ये आधी 'फॉर्म' आणि चार बाइट सोडून 'आयएलबीएम' दिसतं. पीसीएक्सचा पहिला बाइट 10 असतो, हेक्स एडिटरमध्ये तो 0A असा दिसतो. टीजीएची मात्र पंचाईत आहे: सुरुवातीला ओळखीची खूणच नाही. 1989 च्या सुधारित आवृत्तीत ती फाइलच्या शेवटी आली, तीही प्रत्येक फाइलीत सापडेलच असं नाही.

रूपांतरासाठी एक्सएनव्ह्यू एमपी हा चित्रं पाहण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम सोयीचा आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यातल्या 'बॅच कन्व्हर्ट'मध्ये 'इनपुट'खाली फाइली घ्या, 'आउटपुट'मध्ये नवं रिकामं फोल्डर आणि पीएनजी निवडा. जेपीजी नको. जुन्या चित्रांतल्या कडक रेषा आणि सपाट रंग त्यात डागाळतात, पीएनजीत एकही पिक्सेल बदलत नाही. एक सापळा इथेच असतो: 'लोगो' नावाची एक पीसीएक्स आणि एक टीजीए असेल तर दोन्हींचं नवं नाव एकच होतं आणि दुसरी पहिलीवर लिहिली जाऊ शकते. फाइल आधीच असेल तर नाव बदलावं, असा पर्याय आधी निवडून ठेवा. आज्ञा टाइप करून चालणारं इमेजमॅजिक वापरणाऱ्यांनी त्यातली 'मॉग्रिफाय' ही आज्ञा जपून चालवावी. नवा प्रकार सांगितला नाही, तर ती मूळ फाइलच बदलते.

आता निकाल डोळ्यांनी पाहा. टीजीए उलटी दिसली तर घाबरू नका; त्या प्रकारात ओळी खालून वर लिहिण्याची पद्धत आहे आणि एखादा प्रोग्रॅम तिथे चुकतो. चित्र अर्धा फेरा फिरवून सरळ करू नका, आडव्या अक्षावर (वरचं खाली) पलटवा, नाहीतर त्यातला मजकूर आरशातला होईल. 256 रंगांच्या पीसीएक्समध्ये आकृती बरोबर पण रंग भलतेच आले, तर फाइलचा शेवटचा भाग तुटलेला असण्याची शक्यता मोठी. तिची रंगपेटी, म्हणजे वापरलेल्या रंगांची यादी, शेवटच्या 769 बाइटांत असते. असं झालं तर मूळ डिस्कवरून फाइल पुन्हा उतरवून पाहा.

320 बाय 200 ची चित्रं चपटी वाटतात, कारण जुन्या पडद्यावर ती 4:3 च्या चौकटीत ताणली जात आणि पिक्सेल चौरस नसून उभट दिसत. जपून ठेवायची प्रत आहे तशीच राहू द्या. दाखवण्यासाठी वेगळी प्रत रुंदीत पाचपट, उंचीत सहापट करा. 1600 बाय 1200 बरोबर 4:3 भरतं आणि एकही पिक्सेल अर्धवट राहत नाही. मोठं करताना 'निअरेस्ट नेबर' पद्धतच घ्या, बाकीच्या पद्धती कडा धूसर करतात.

उलट दिशेने, म्हणजे आजचं चित्र जुन्या प्रोग्रॅमसाठी पीसीएक्स करायचं असेल, तर आधी ते 256 रंगांवर आणा. चित्रात आकाशासारखे हळूहळू बदलणारे रंग असतील तर डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या छटांचा भास निर्माण करणं) चालू ठेवा, रेखाचित्र किंवा अक्षरं असतील तर बंद.