गड्ड्याच्या दिवसांत गल्लीतल्या मांजराची सोय

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की सोलापुरातली घरं भोगीच्या भाज्या, सुगडं, तीळ-गूळ आणि शेंगापोळीच्या मागे लागतात. बाहेर सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची, म्हणजे गड्ड्याची, लगबग असते. नेमक्या याच दिवसांत दाराशी येणारं भटकं मांजर दिसेनासं होतं. दोन-तीन दिवसांनी लंगडत, उपाशी परत येतं, नाहीतर येतच नाही. यातलं बरंचसं टाळता येतं, फक्त तयारी हलगी वाजायच्या आधी झालेली हवी. आवाज सुरू झाल्यावर त्याला धरायला गेलात तर हातावर ओरखडेच उमटतात.

आधी यात्रेचा क्रम बघून घ्या

भोगीच्या आदल्या दिवशी बाळी वेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. भोगीला संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता, संक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन, किंक्रांतीच्या रात्री शोभेचं दारूकाम. तुमच्या मांजराला यातला कोणता दिवस जड जाणार, हे घर कुठे आहे त्यावर ठरतं. मिरवणुकीच्या वाटेवरच्या पेठांत गर्दी आणि बँडचा त्रास, तर होम मैदान आणि तलावाच्या आसपास दारूकामाचा. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या सोसायट्यांत यात्रेचा आवाज फारसा पोचत नाही, पण गच्चीवर लावलेले स्पीकर तेवढंच काम करतात.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला ६०,००० च्याही पुढचं. म्हणून हलगीचा कोरडा कडाका आणि सनईचा चढा सूर त्याला आपल्यापेक्षा फार बोचतो. मोठ्या स्पीकरचा दणका तर फरशीतून पायालाच जाणवतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अरुंद बोळात मात्र दोन्ही बाजूंच्या भिंती तो परत फेकतात, त्यामुळे वीस पावलं मागे सरकून काहीच साधत नाही. भिंतीचा आडोसाच लागतो.

लपायची जागा: इथे कंजुषी नको

भेदरलेल्या मांजराला कुरवाळून शांत करायला जाऊ नका. त्याला दडायला जागा द्या, बाकीचं ते स्वतः करतं. ही जागा यात्रेच्या किमान दोन आठवडे आधी मांडा. ऐनवेळी ठेवलेल्या नव्या खोक्यात भटकं मांजर पाऊल टाकत नाही.

किराणा दुकानातून ४५ × ३५ × ३५ सेंटिमीटरच्या आसपासचा जाड पुठ्ठ्याचा खोका आणा. दोन समोरासमोरच्या बाजूंना १५ ते १८ सेंटिमीटर रुंदीची भोकं कापा. दोन का, तर एकच दार असेल तर आत अडकायच्या भीतीने मांजर शिरतच नाही. दुसरा बोका किंवा कुत्रं तोंडाशी आलं तर मागून निसटायला वाट हवी. खोका उघड्यावर राहणार असेल तर वर प्लॅस्टिकचा कागद ताणून चिकटपट्टीने बसवा. भोकांच्या कडा पट्टीने मढवा, नाहीतर पुठ्ठा दवाने मऊ पडून दुमडतो.

आत जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालून अंथरा. टॉवेल नको. टर्किशच्या उभ्या फासांत नखं अडकतात, मांजर पाय झटकतं, फास आणखी घट्ट बसतो आणि कधी नख मुळापासून उपटतं. चादरीची वीण घट्ट असते, तिच्यात नख रुतत नाही आणि जानेवारीच्या रात्री ऊबही राहते. एकदा अंथरलेली चादर सणाच्या साफसफाईत धुवायला काढू नका. तिला लागलेल्या स्वतःच्या वासामुळेच मांजराला ती जागा आपली वाटते. आवरासावर करताना नेमकी हीच चादर पहिल्यांदा बादलीत जाते, तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

खोका रस्त्याच्या उलट्या बाजूला हवा. जिन्याखालचा कोपरा, मागच्या बोळातली माळ्याची फळी, न्हाणीघरामागचा कट्टा यांपैकी काहीही चालेल. जमिनीपासून तीन-चार फूट उंचीवर मिळाला तर उत्तम, कारण खाली कुत्री फिरतात. फळीवर ठेवताना तळाशी आणखी एक घडी घाला, दणका थोडा मुरतो. धूप-उदबत्तीचा धूर पोचेल तिथे नको. आणि दार-खिडकी लावून मांजराला खोलीत कोंडू तर अजिबात नका. बंद खोलीत ते पडद्यावर, जाळीवर, काचेवर झेप घेतं आणि जखमी होतं.

कानाला सवय

पंधरा दिवस हाताशी असतील तर मोबाइलवर हलगी किंवा बँडचं रेकॉर्डिंग लावून रोजचं खाणं द्या. सुरुवातीला आवाज इतका बारीक की तुम्हालाही कान द्यावा लागेल. मांजर खात राहिलं तर दोन दिवसांनी एक टप्पा वाढवा. कान मागे पाडले, खाणं सोडलं, अंग जमिनीला टेकवलं तर दोन टप्पे खाली या. घाई केली की परिणाम उलटा होतो: मांजर आवाजाला घाबरतंच, वर वाटीचीही धास्ती घेतं. खऱ्या मिरवणुकीइतका आवाज सोसण्याची अपेक्षा धरू नका. लांबून आवाज आला की बिथरून रस्त्यावर धावण्याऐवजी ते खोक्याकडे वळलं, तरी पुष्कळ झालं.

गल्लीतल्या मिरवणुकीआधी चामड्याची हलगी शेकतात. कोपऱ्यावर कागद-काटक्यांचा जाळ पेटला आणि हलग्या त्यावर फिरू लागल्या की तुमच्या हातात थोडीच मिनिटं उरतात. तेवढ्यात वाटी खोक्याजवळ सरकवा, आवारातली गाडी काढायची असेल तर काढा आणि मुलांना मागच्या बाजूने हलवा.

खाणं आणि सणाचं ताट

चार किलोच्या मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन देणार असाल तर १२० ते १५० ग्रॅम. नुसत्या चिकनवर महिनोन्महिने ठेवू नका, त्यात कॅल्शियम कमी पडतं. उजनीची चिलापी उकडून द्यायची असेल तर काटा न् काटा काढून. दूध-भाकरी ही आपल्याकडची जुनी रीत, पण मोठ्या मांजराला दुधाने बहुधा जुलाब होतात, आणि त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य भाकरीत नसतंच. टॉरिन दीर्घकाळ कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

मिरवणुकीच्या दिवशी वाटी आवाज सुरू होण्याच्या दोन-तीन तास आधी द्या, अर्धीच. उरलेली अर्धी रात्री सामसूम झाल्यावर त्याच जागी, त्याच वाटीत. थोडी भूक शिल्लक असलेलं मांजर परत येतं. वाटी रात्रभर उघडी टाकू नका, घुशी आणि कुत्री जमतात. पाणी मात्र दोन ठिकाणी, पसरट भांड्यात कायम हवं.

कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, शिजवलेलासुद्धा. म्हणून शेंगाचटणी, भोगीच्या भाजीचा रस्सा, मटणाचं कालवण यांतलं काहीच नाही. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

बाजारहाट

मांजराचं सामान भोगीच्या तीन-चार दिवस आधीच आणून ठेवा. मधला मारुती, टिळक चौकाकडे सुगडं-बांगड्यांच्या गर्दीत शिरायचंच आहे, तर त्याच फेरीत उरकून घ्या. आठ दिवसांचं म्हणजे साधारण अर्धा किलो खाद्य, जखम धुवायला सलाइनची बाटली, कापूस, जाड कातडी हातमोजे, आणि भाजीवाल्यांकडचे सारख्या मापाचे दोन प्लॅस्टिक क्रेट. एकावर एक उलटा ठेवून चारही कोपरे नायलॉन दोरीने बांधले आणि वरून चादर टाकली की रिक्षातून न्यायला चांगला पिंजरा होतो. जनावरांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, कोणत्या दिवशी दवाखाना बंद आहे आणि त्यांच्यापर्यंत पोचायला कोणता रस्ता मोकळा असेल.

घरातल्या औषधांना हात लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली औषधंही तशीच घातक.

सणानंतरच्या कचऱ्यात हारांचे दोरे, जरीची लेस, पतंगाचा मांजा असतो. तो झाकणाच्या डब्यात टाका. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतडं चिरतं. सरळ दवाखाना गाठा.

थंडीत मांजरं गाडीच्या बॉनेटमध्ये, चाकावर ऊब शोधतात. सकाळी खरेदीला निघताना बॉनेटवर दोन जोरदार थापा मारा, हॉर्न द्या, थोडं थांबा, मग गाडी सुरू करा.

मंडळाशी बोलणं

मंडळातल्या पोरांशी मांडव उभा राहतानाच बोला, भर कार्यक्रमात नाही. "स्पीकरचं तोंड मागच्या बोळाकडे नको, रस्त्याकडे करा" एवढी मागणी बहुधा ऐकली जाते, कारण श्रोतेही रस्त्याकडेच असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हवेत. सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं. सांगूनही ऐकलं नाही तर ११२ वर फोन करता येतो.

दवाखाना कधी

बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. ताणामुळे मूत्रमार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. लोकांना ते बद्धकोष्ठ वाटतं आणि तिथेच घात होतो. तोंड उघडं टाकून धापणं, मागचे पाय ओढणं हेही तसंच तातडीचं. दोन दिवस काहीच न खाल्लेलं मांजर, विशेषतः अंगाने भरलेलं, यकृताच्या आजाराकडे जातं. त्यालाही न्या.

चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलमध्ये रेबीजच्या लशीसाठी जा. हळद, चुना लावू नका, जखम बांधूही नका.

दिसेनासं झालं तर

बहुतेक वेळा ते जवळच दडलेलं असतं. रात्री अकरानंतर, गल्ली शांत झाल्यावर, टॉर्च घेऊन फिरा, डोळे चमकतात. उभ्या गाड्यांखाली, पत्र्यांवर, मांडवाच्या सामानात पाहा. यात्रेसाठी बंद ठेवलेली गोदामं आणि दुकानं मालकांना उघडायला लावा. शटर ओढताना मांजर आत राहिलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. हाका मारत धावू नका. रोजच्या वाटीचा आवाज करा आणि पाच मिनिटं जमिनीवर बसून राहा.

यात्रा सरली की त्याच क्रेटमधून नसबंदीला न्या. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं होतात. दिवस मोठे होऊ लागले की माज येतो, त्यामुळे फेब्रुवारीचा मुहूर्त टाळू नका. डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी ठेवा, रेबीजची लस त्याच फेरीत टोचून घ्या आणि कानाच्या टोकाला खूण करायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तेच मांजर कुणी पुन्हा टेबलावर नेणार नाही.