ओट्यापाशी छाती धडधडू लागली तर

सकाळी कुकरची तिसरी शिट्टी होत असताना, मुलांचे डबे अर्धवट भरलेले आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी द्यायची राहिलेली असताना अचानक छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले, तर सर्वप्रथम गॅस बंद करावा आणि ओट्याला पाठ टेकून खाली बसावे. डबा उशिरा गेला तरी चालतो. घाबरल्यावर श्वास भराभर घेतला जातो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, गरगरते. म्हणून मोठे श्वास ओढत न बसता चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा व सहा अंक मोजत सावकाश सोडावा. भीतीचा हा झटका (पॅनिक अटॅक) बहुधा १० मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नये. तातडीने ईसीजी काढून घ्यावा.

घरातल्यांना आधीच नेमके काम सांगून ठेवावे, उदाहरणार्थ ‘मी खाली बसले की मुलांना तुम्ही बसपर्यंत सोडा’. नुसत्या ‘काळजी करू नकोस’चा उपयोग मला तरी कधी झालेला नाही. झटके वारंवार येत असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.